घरच्या संगणकावर योजनेच्या खात्यात लॉगिन वारंवार अडत असल्यास

शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करायचे आहे किंवा भविष्य निर्वाह निधीचा दावा भरायचा आहे, पण घरच्या संगणकावर लॉगिनच होत नाही. पासवर्ड बदलला की त्या दिवशी काम होते आणि आठवड्याने पुन्हा तेच. असे होत असेल तर पुढील माहिती वाचा.

एखाद्या दिवशीच आलेली अडचण बहुधा संकेतस्थळावरील गर्दीमुळे असते आणि रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर प्रयत्न केल्यास सुटते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीचे मूळ मात्र बहुतेक वेळा संगणकात, ब्राउझरमध्ये किंवा मोबाइल क्रमांकात असते. तेथे पासवर्ड बदलून उपयोग होत नाही. चुकीचे प्रयत्न वाढले तर अनेक संकेतस्थळे खाते काही काळ बंद ठेवतात, आणि अर्जाची शेवटची तारीख त्यासाठी थांबत नाही.

अडचण कोठे आहे ते आधी ठरवा

तेच खाते मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा. मोबाइलवरही उघडत नसेल तर दोष खात्यात किंवा संकेतस्थळात आहे. संगणकाशी झटापट करू नका. मोबाइलवर उघडते पण संगणकावर नाही, असे असेल तर संगणकावर खासगी विंडो उघडा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकत्र दाबली की ती उघडते. खासगी विंडोत लॉगिन झाले, तर ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी माहिती आड येत आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्या एकाच संकेतस्थळाच्या कुकीज काढून टाका. सगळ्याच काढल्या तर इतर ठिकाणचीही लॉगिन जातील.

ब्राउझरने साठवलेला पासवर्डही तपासा. मोबाइलवरून पासवर्ड बदलला असेल, तरी संगणकातील ब्राउझर जुनाच पासवर्ड भरत राहतो आणि ठिपक्यांमुळे ते दिसत नाही. एकाच संगणकावर घरातील तीन-चार जणांची खाती असतील तर गोंधळ आणखी वाढतो: मुलीच्या शिष्यवृत्तीच्या रकान्यात आईचा क्रमांक आपोआप येऊन बसतो. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे वापरकर्ता खाते करून ठेवणे हा यावर सर्वांत सोपा उपाय आहे.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. अर्जात नाव मराठीत लिहिण्यासाठी कळफलक मराठी केला आणि तो तसाच राहिला, तर पासवर्डही देवनागरीत उमटतो. पासवर्डच्या रकान्याशेजारील डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून अक्षरे पाहा. विंडोज आणि स्पेसबार ही बटणे एकत्र दाबली की कळफलकाची भाषा बदलते.

संगणकाची तारीख

जुन्या संगणकांवर आढळणारे हे कारण सहज लक्षात येत नाही. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारे एक लहान, नाण्याच्या आकाराचे सेल आत असते. ते संपले की संगणक दर वेळी कित्येक वर्षांपूर्वीची तारीख घेऊन सुरू होतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. तारीख चुकीची असल्याने ब्राउझर ती अमान्य ठरवतो आणि ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा देतो. तारीख दुरुस्त केली की काम होते, संगणक पुन्हा सुरू केला की अडचण परत येते. सेल बदलून घ्या. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत सीआर २०३२ प्रकारचे सेल असते आणि ते स्वस्त मिळते. तारीख बरोबर असूनही हा इशारा आला तर मात्र पुढे जाऊ नका. पत्ता नीट तपासा.

विंडोज ७ वापरत असाल तर क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. त्यानंतरच्या नव्या आवृत्त्या त्यावर बसत नाहीत. असा संगणक सरकारी लॉगिनसाठी न वापरलेला बरा.

‘सत्र संपले’ म्हणजे काय?

या संदेशाने विद्यार्थी घाबरतात. येथे सत्र म्हणजे महाविद्यालयाचे सत्र नव्हे आणि अर्जाची मुदतही नव्हे. (शब्द बदलायला हवा, हे खरे.) काही मिनिटे पानावर हालचाल झाली नाही, एकच खाते दोन टॅबमध्ये उघडले किंवा ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले की सुरक्षेसाठी लॉगिन तोडले जाते. सर्व टॅब बंद करून पुन्हा लॉगिन करा. कागदपत्रे आधीच स्कॅन करून हाताशी ठेवली तर हा प्रसंग सहसा येत नाही.

ओटीपी आणि मोबाइल क्रमांक

आधारचा ओटीपी १० मिनिटे चालतो. तो आला नाही म्हणून लागोपाठ मागणी केली तर जुना संदेश उशिरा येतो आणि आपण तोच भरतो. नेहमी शेवटी आलेला ओटीपी वापरा.

ओटीपी कधीच येत नसेल तर आधारला कोणता क्रमांक जोडलेला आहे ते पाहा. कामासाठी सुरत, इंदूर किंवा हैदराबादला गेलेल्या कुटुंबांत गावाकडचे सिम पडून राहते. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमचे ओटीपी त्या व्यक्तीकडे जातात. आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घ्या. चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या सदस्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सदस्य पोर्टलवर बदललेला पासवर्ड पासबुकच्या संकेतस्थळावर ६ तासांनी लागू होतो. लगेच प्रयत्न फसला म्हणून पुन्हा पासवर्ड बदलला, तर पुन्हा तितकेच थांबावे लागते.

नवे खाते काढू नका

लॉगिन होत नाही म्हणून नवी नोंदणी करणे सर्वांत महागात पडते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून एका विद्यार्थ्याला एकच ओटीआर क्रमांक मिळतो आणि तो पुढील शिक्षणातही चालतो. भविष्य निर्वाह निधीचा १२ अंकी यूएएनही एकच असतो. दोन नोंदी झाल्या की अर्ज बाद होऊ शकतो किंवा रक्कम दोन खात्यांत विभागून अडकते. क्रमांक विसरला असल्यास लॉगिनच्या पानावरील तो शोधून देणारा पर्याय वापरा.

तक्रार करताना संदेशाचे शब्द, दिनांक, वेळ आणि पडद्याचे छायाचित्र द्या. पासवर्ड आणि ओटीपी देऊ नका. मदतकेंद्राला त्यांची गरज नसते. फोनवर कोणी ते मागून घेतले आणि पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर कळवा.