रांगेचे मोल

मतदानाच्या रांगेत ताटकळताना आपण कुरकुरतो. पण नागपूर मध्यप्रांताची राजधानी असताना, १९३५ च्या कायद्यानुसार मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. आपल्या बहुसंख्य आजा-आजींच्या नशिबी रांगही नव्हती. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने ते दार सर्व प्रौढांना उघडले. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून गळाली. 'अमक्याची पत्नी' याखेरीज स्वतःचे नाव त्यांनी सांगितले नव्हते. आज वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटल्या जातात. मात्र यादीत नाव नसेल, तर रांग व्यर्थ. म्हणून घरातील माउलीचे नाव आधी तपासू या. उन्हाचे नंतर पाहू.