बळाचे दप्तर

मनुष्याच्या सर्व संपत्तींत शारीरिक बळ ही अत्यंत नाशिवंत संपत्ती होय. विद्वानाचा ग्रंथ त्याच्या मागे उरतो, गवयाची चीज शिष्याच्या कंठात उरते. परंतु ज्या बाहूंनी कालपरवापर्यंत मणामणांची वजने लीलया उचलली, ते बाहू एकदा थकले म्हणजे त्यांच्या पराक्रमाची साक्ष द्यावयास पाहणाऱ्यांच्या जबानीखेरीज काही शिल्लक राहत नाही, आणि जबानी तोंडातोंडी फिरू लागली की उचललेले वजनही वाढत जाते. म्हणून बलोपासनेच्या इतिहासात उचलणाऱ्याइतकाच नोंदणाराही मातबर मानला पाहिजे. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने पार पाडल्याचा ठळक दाखला अमेरिकेतील जॅन टॉड या बाईंच्या चरित्रात सापडतो.

जॅन यांचा जन्म १९५२ साली पेनसिल्व्हेनियात झाला. जॉर्जियातील मेकन येथे मर्सर विद्यापीठात त्या शिकत असता टेरी टॉड या अध्यापकांशी त्यांचा परिचय झाला आणि १९७३ मध्ये विवाह. टेरी हे केवळ पुस्तकी पंडित नव्हते. खांद्यांवर दांडी घेऊन बैठक मारण्याचा स्क्वॉट, बाकावर उताणे पडून वजन वर ढकलण्याचा बेंच प्रेस आणि जमिनीवरचे वजन ताठ उभे राहीपर्यंत उचलण्याचा डेडलिफ्ट, अशा तीन उचलींचा पॉवरलिफ्टिंग हा खेळ १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकेत स्वतंत्र रूपास आला, तेव्हा त्याच्या आरंभीच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे अजस्र देहाचे गृहस्थ ते हेच. शिवाय बलवंतांविषयीची जुनी मासिके, पत्रे आणि छायाचित्रे जमविण्याचा त्यांना विलक्षण नाद होता.

पतीबरोबर ऑस्टिन येथील एका व्यायामशाळेत गेल्या असता एक लहानखुरी तरुणी २२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १०२ किलोंचा, डेडलिफ्ट करताना जॅन यांनी पाहिली आणि स्त्रियांच्या सामर्थ्याविषयी मनात मुरलेल्या कल्पना त्यांना तपासून पाहाव्याशा वाटल्या. त्याच दिवशी त्यांनी तेवढेच वजन उचलले. पुढे गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांच्या पाहण्यात एक नोंद आली: जेन द वेस्ली नामक स्त्रीने १९२६ साली पॅरिस येथे ३९२ पौंड उचलले होते. सुमारे अर्धशतक त्या एका ओळीला कोणी धक्का लावला नव्हता; किंबहुना तो लावावा असे कोणाच्या मनातही आले नसावे. जॅन यांच्या मनात आले. वर्ष-दीड वर्षाच्या मेहनतीनंतर १९७५ मध्ये टेनेसीतील चॅटनूगा येथे त्यांनी ३९४.५ पौंड उचलले आणि जुनी नोंद अडीच पौंडांनी मागे पडली.

डेडलिफ्ट ही दिसावयास अगदी साधी, परंतु फसवेगिरीस मुळीच थारा न देणारी उचल आहे. तळहातांना खडूची पूड चोळावयाची, नडग्या दांडीला भिडवावयाच्या, बहुधा एक पंजा सुलटा व एक उलटा ठेवून मूठ आवळावयाची, आणि गुडघे व कंबर सरळ होऊन खांदे मागे येईपर्यंत दांडी वर आणावयाची. पंचाची खूण होईपर्यंत वजन तसेच पेलले तरच उचल रुजू धरली जाते. स्पर्धेत वजनाची पारख काट्यावर होते आणि निवाडा पंच देतात. सर्कशीच्या जाहिरातीत मात्र ही दोन्ही कामे मालकच करी. स्पर्धेतील विक्रम आणि तमाशातील विक्रम यांतील अंतर ते हेच.

त्या काळी स्त्रियांसाठी निराळ्या स्पर्धाच नसल्यामुळे इतर उत्सुक स्त्रियांप्रमाणे जॅन यांनाही पुरुषांच्या मेळाव्यात उतरावे लागे. हा शिरस्ता मोडून अमेरिकेतील पहिली स्त्री-राष्ट्रीय स्पर्धा १९७७ मध्ये न्यू हॅम्पशरमधील नॅशुआ येथे झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल येथे. या उभारणीसाठी झटणाऱ्यांत जॅन अग्रभागी होत्या. मधल्या काळात टॉड दांपत्य कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात वास्तव्यास गेले, आणि तेथील ग्रामीण शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्या या बाई तिन्ही उचलींची बेरीज १००० पौंडांपलीकडे नेणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्क्वॉटमध्ये तर त्यांनी पुढे ५४५ पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ २४७ किलोंपर्यंत, मजल मारली.

१९७९ मध्ये त्या स्कॉटलंडात गेल्या. डी नदीवरील पोटार्क पुलाजवळ लोखंडी कड्या बसविलेल्या दोन पाषाणशिला आहेत. एकोणिसाव्या शतकातील डोनल्ड डिनी या बलाढ्य पुरुषाने त्या उचलून पुलावरून पलीकडे नेल्याची ख्याती असल्यामुळे त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. दोन्हींचे मिळून वजन ७३३ पौंड, म्हणजे सुमारे ३३२ किलो. त्यातही एक शिला दुसरीहून बरीच जड असल्यामुळे उचलणाऱ्याचा तोल सारखा ढळू पाहतो. मनगटाला पट्टे बांधून या शिला जॅन यांनी जमिनीपासून उचलल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री; दुसरी स्त्री त्यानंतर जवळजवळ ४० वर्षांनी, २०१८ मध्ये निघाली.

एवढ्यावर थांबत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांच्या आयुष्याचा अधिक मोलाचा भाग येथून पुढे सुरू होतो. सर्कशीत वजने उचलणारे ऑटली कोल्टर यांचा आयुष्यभराचा संग्रह टॉड दांपत्याने मिळविला होता. त्यात स्वतःच्या संग्रहाची भर घालून १९८३ मध्ये तो सर्व ठेवा त्यांनी ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात आणला. त्याच विद्यापीठात जॅन यांनी डॉक्टरेट संपादिली आणि त्या प्राध्यापिका झाल्या. १९९० मध्ये दोघांनी बलक्रीडेच्या इतिहासास वाहिलेले ‘आयर्न गेम हिस्टरी’ हे नियतकालिक काढले, आणि पुढे या दप्तरातूनच विद्यापीठात स्टार्क सेंटर ही संशोधनसंस्था उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्त्रियांच्या व्यायामाविषयी जॅन यांनी ग्रंथ लिहिला. पतीला एका हाताने डोक्यावर धरणाऱ्या केटी सँडविनेसारख्या सर्कशीतील स्त्रियांची कैफियत तपासून, त्यांच्या कीर्तीत बळाचा भाग किती आणि जाहिरातीचा किती, याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. स्वतः दांडीखाली उभे राहिलेल्या संशोधकास कागदावरील आकड्याचे वजन अधिक अचूक कळते, हा त्यांच्या लेखनाचा विशेष होय. २०१८ मध्ये टेरी निवर्तल्यावरही हे काम खंडित झाले नाही.

आपल्याकडे या जातीचे कार्य झालेच नाही असे नव्हे. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, आणि कुस्ती, मल्लखांब, लेझीम यांचा केवढा तरी तपशील त्यामुळे काळाच्या तडाख्यातून वाचला. परंतु त्या परंपरेस वारस मात्र थोडे लाभले. खासबागेच्या मैदानात गाजलेल्या कुस्त्यांच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात. पण कोण कोणाशी कोणत्या साली लढला, किती वेळ लढला, कोणत्या डावावर चीतपट झाला, याची खातरजमा करू म्हटले तर हाती लागतात त्या बहुधा आख्यायिकाच. जुन्या तालमींतून तसबिरी अजून भिंतींवर आहेत, जमाखर्चाच्या वह्या, हस्तपत्रके, बक्षिसांचे कागद कोठे ना कोठे पडून आहेत. त्यांस वाळवी लागण्यापूर्वी गावोगावच्या वस्तादांनी, शिक्षकांनी आणि ग्रंथालयांच्या चालकांनी ती बाहेर काढावीत, त्यांवर साल व नावे घालावीत आणि वयोवृद्ध मल्लांच्या जबान्या लिहून घ्याव्यात. या कामास बाहुबळ लागत नाही, थोडी चिकाटी मात्र लागते. आणि ती दाखविण्यास अजून फार उशीर झालेला नाही.