मँचेस्टर युनायटेडची सर्वश्रेष्ठ खरेदी : कांतोना की १९०६ चा मेरेडिथ?

मँचेस्टर युनायटेडने आजवर करारबद्ध केलेला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोणता, हा वाद निघाला की पहिले नाव येते एरिक कांतोनाचे. नोव्हेंबर १९९२ मध्ये तो लीड्सकडून १२ लाख पौंडांत आला आणि पुढच्याच मे महिन्यात लीग विजेतेपदाचा २६ वर्षांचा दुष्काळ संपला. पीटर श्मायकेल (१९९१), क्रिस्तियानो रोनाल्डो (२००३), तोरिनोहून १ लाख १५ हजार पौंडांना आणलेला डेनिस लॉ (१९६२) यांचेही पक्षकार आहेत. त्यापलीकडे सहसा कोणी मागे जात नाही.

मात्र हे चौघेही एका नामवंत क्लबात आले. त्यांनी वैभव परत आणले किंवा वाढवले. जिथे परत आणण्याजोगे वैभवच नव्हते, अशा काळातही युनायटेडने एक खेळाडू घेतला होता : बिली मेरेडिथ.

१९०६ चे युनायटेड म्हणजे काय होते? १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी स्थापन केलेला न्यूटन हीथ क्लब १९०२ मध्ये दिवाळखोरीत निघाला. जॉन हेन्री डेव्हिस या मद्यनिर्मात्याच्या पैशावर तो तगला आणि नव्या नावाने उभा राहिला. १९०६ मध्ये त्याला पहिल्या विभागात बढती मिळाली, तोवर त्याच्या खात्यावर ना लीग होती, ना एफए चषक. शहराचा लाडका संघ होता मँचेस्टर सिटी, आणि सिटीचा लाडका होता मेरेडिथ.

वेल्समधील चर्कजवळच्या खाणवस्तीत १८७४ मध्ये जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला. पुढे उजव्या बगलेवरून धावणारा, तोंडात दातकोरणी चघळत चेंडू खेळवणारा मेरेडिथ इंग्लंडभर ओळखला जाऊ लागला. १९०४ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात सिटीचा कर्णधार तोच होता आणि बोल्टनविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच.

मग प्रकरण बिघडले. एप्रिल १९०५ मध्ये हंगामाच्या अखेरच्या सामन्यात सिटी अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-२ अशी हरली. सामना सोडण्यासाठी मेरेडिथने १० पौंड देऊ केले, असा आरोप व्हिलाच्या अ‍ॅलेक लीकने केला. फुटबॉल असोसिएशनने मेरेडिथवर बंदी घातली. आधी त्याने साफ इन्कार केला. नंतर मात्र, हे आपण व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून केले, असे म्हटले. त्याची बाजू घेणाऱ्यांनी हा डाग झाकू नये.

बंदीच्या काळात सिटीने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा मेरेडिथने क्लबचे गुपित फोडले. १९०१ पासून खेळाडूचे वेतन आठवड्याला ४ पौंडांहून अधिक असू नये, असा नियम होता. सामान्य कामगाराच्या मानाने ही रक्कम कमी नव्हती. पण हजारोंची गर्दी खेचणाऱ्या खेळाडूने त्याहून अधिक मागूच नये, असा त्याचा अर्थ होता. शिवाय करार संपला तरी जुन्या क्लबच्या संमतीवाचून दुसरीकडे जाता येत नसे. सिटी हा वेतननियम गुपचूप मोडत होती आणि मेरेडिथला ६ पौंड मिळत होते. चौकशीअंती १७ खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली. सिटीकडून पुन्हा खेळायलाही त्यांना मनाई झाली.

अशा रीतीने एक अख्खा संघ विक्रीला निघाला. नोव्हेंबर १९०६ मध्ये मँचेस्टरच्या क्वीन्स हॉटेलात या खेळाडूंचा लिलाव ठरला. परंतु युनायटेडचे सचिव अर्नेस्ट मँगनॉल लिलावाची वाट पाहत बसले नव्हते. मेरेडिथशी त्यांनी मे महिन्यातच बोलणे पक्के केले होते. सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर हेही त्यांनी इतरांच्या आधी गाठले.

१ जानेवारी १९०७. बंदी संपल्याच्या दिवशीच चौघेही युनायटेडच्या लाल सदऱ्यात उतरले. मेरेडिथने बगलेवरून चेंडू दिला, टर्नबुलने गोल केला, युनायटेड १-० ने जिंकले. समोर संघ होता अ‍ॅस्टन व्हिला! ज्या संघाविरुद्धच्या लाचेवरून एवढे रामायण घडले, तोच.

१९०८ मध्ये युनायटेडने पहिली लीग जिंकली. १९०९ मध्ये टर्नबुलच्या गोलवर पहिला एफए चषक आला. १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड उघडले, १९११ मध्ये दुसरी लीग मिळाली. गोलांचा हिशेब मांडला तर श्रेय टर्नबुलचे अधिक दिसेल, आणि चार्ली रॉबर्ट्ससारखा खंदा मधला गडी आधीपासूनच संघात होता, हेही खरे. तरीही पारडे मेरेडिथकडे झुकते, आणि त्याचे कारण मैदानाबाहेर आहे.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची कामगार संघटना स्थापन झाली. अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता. संघटना देशातील इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडली जाऊ लागताच असोसिएशन बिथरली. १९०९ च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला : संघटना सोडा, नाहीतर खेळ सोडा. बहुतेक क्लबांतले खेळाडू नमले. युनायटेडचे नमले नाहीत. नुकताच चषक जिंकलेला संघ निलंबित झाला आणि फॅलोफील्डला जाऊन स्वतःच सराव करू लागला. त्या दिवसांतल्या एका छायाचित्रात त्यांच्यासमोर पाटी दिसते : 'आउटकास्ट्स एफ. सी.', म्हणजे बहिष्कृतांचा संघ.

हंगाम तोंडावर आला तेव्हा असोसिएशनने संघटनेला मान्यता दिली. मात्र त्याच वर्षी खेळाडूंनी महासंघाशी नाते तोडण्याच्या बाजूने मतदान केले. वेतनाची कमाल मर्यादा तर १९६१ पर्यंत टिकली.

कांतोनामुळे युनायटेड पुन्हा विजेते झाले. मेरेडिथमुळे ते विजेत्यांच्या पंगतीत प्रथम बसले, आणि खेळाडू हा क्लबची मालमत्ता आहे की कामगार, हा प्रश्नही त्यांच्याच ड्रेसिंग रूममधून इंग्लंडभर गेला. त्याच्याएवढे दुहेरी फळ दुसऱ्या कोणत्याही करारातून क्लबला मिळालेले नाही.

१९२१ मध्ये मेरेडिथ पुन्हा सिटीत गेला आणि १९२४ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, एफए चषकाचा उपांत्य सामना खेळला. एप्रिल १९५८ मध्ये, म्युनिकच्या विमान अपघातानंतर दोनच महिन्यांनी, तो वारला. मँचेस्टरच्या सदर्न सिमेटरीतील त्याच्या कबरीवर चार दशके साधा दगडही नव्हता. २००१ मध्ये तिथे शिळा बसवण्याचे ठरले, तेव्हा खर्च उचलणाऱ्यांत युनायटेड होते, सिटी होती, वेल्सची फुटबॉल असोसिएशन होती आणि खेळाडूंची संघटनाही होती.