किरकोळ दुखापत आणि भरपाईची मागणी

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्याचे विवेचन करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा मृत्यू व कायमचे अपंगत्व यांवरच खिळते. यंत्रात बोट चेपून आठवडाभर घरी बसलेला मुंबईचा गिरणी कामगार नजरेआड राहतो.

मूळ कायद्यानुसार असमर्थता १० दिवसांहून अधिक टिकली तरच हक्क उत्पन्न होई, आणि मोजणीही त्यापुढील दिवसांचीच. प्रौढ कामगारास मिळणारी रक्कम अर्ध्या वेतनाहून अधिक नसे. म्हणजे १२ दिवस खाडा झालेल्याच्या पदरात फार तर एका दिवसाची मजुरी पडे. एवढ्यासाठी आयुक्तांपर्यंत कोण जाणार? शिवाय कामावर घेणे जॉबरच्या मर्जीवर होते. मागणी करून त्याची नाराजी ओढवली, तर साचा बदलीवाल्याकडे जाण्याची भीती. अशा माणसाने गप्प बसणे हे अज्ञान नव्हे, हिशेब होता, असे आम्हांस वाटते.

ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते त्या व्हिटले आयोगाच्या शिफारशीनंतर १९३३ साली ही मर्यादा ७ दिवसांवर आली. १९५९ च्या दुरुस्तीने ती ३ दिवसांवर आणली. असमर्थता २८ दिवस वा अधिक राहिल्यास पहिल्या दिवसापासून भरपाई देय ठरली. तेव्हा १९३३ पूर्वीच्या दाव्यांच्या आकड्यांवरून गिरण्यांतील दुखापतींचे प्रमाण काढू नये. त्यासाठी गिरण्यांच्या दवाखान्यांतील नोंदवह्या, जेथे त्या उरल्या असतील तेथे, पाहाव्या लागतील.