दमडीचा कागद आणि फुकटचे पाणी

दिवाळी अंकात हा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील, हे मी धरून चाललो आहे. फराळाचे ताट पुढे असेल त्यांनी ते आधी संपवावे आणि मग इकडे वळावे. पण ज्या व्यवहारातून राजा सुटला नाही आणि रंकही सुटला नाही, त्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहण्यात गैर ते काय? परसाकडे जाऊन आलेला माणूस स्वच्छ कशाने होतो आणि ते त्याला केवढ्याला पडते, एवढाच आपला प्रश्न आहे.

कागद शोधला चिनी लोकांनी, आणि तो या कामी लावलाही प्रथम त्यांनीच. सहाव्या शतकात तिथे यान चितुई नावाचा एक विद्वान होऊन गेला. ज्या कागदावर प्राचीन ग्रंथांतली वचने किंवा सत्पुरुषांची नावे आहेत, तो कागद शौचकूपात वापरण्याची आपली छाती होत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. वहीला पाय लागला तर नमस्कार करण्याची सवय असलेल्या आपल्याला त्याचे मन चटकन कळते. मात्र त्या वाक्याच्या पोटात दुसरी एक बातमी आहे. ज्या कागदावर वचने नव्हती तो खुशाल वापरला जात होता. म्हणजे तिथे रद्दी तेवढी स्वस्त झाली होती! इ.स. ८५१ मधल्या एका अरबी प्रवासवर्णनात चिनी लोकांविषयी तक्रारीचा सूर आहे, की हे लोक पाण्याने धूत नाहीत, नुसते कागदाने पुसतात. चिन्यांना त्याचे काही वाटले नसावे. १३९३ साली मिंग बादशहाच्या दरबाराकरिता वर्षाला ७,२०,००० ताव तयार झाले, एकेक ताव दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब. खुद्द राजकुटुंबाचे १५,००० ताव निराळे; ते मऊ आणि सुगंधी!

युरोपात कागद चिंध्या कुजवून करीत, तो महाग. म्हणून तिथे गवत, शेवाळ, जुनी कापडे, जे हाताशी येईल ते चाले. राबले या फ्रेंच लेखकाने १५३४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘गार्गान्तुआ’त एक बालवीर अशा नाना वस्तूंची परीक्षा घेतो आणि हंसाच्या पिलाची मऊ मान सर्वांत उत्तम असा निकाल देतो. विनोद सोडला तर तो निकाल श्रीमंताच्या पोराचा आहे; गरिबाने हंस पाळला तर तो त्याची अंडी विकील. इंग्लंडचा लॉर्ड चेस्टरफील्ड मात्र काटकसरीचा. १७४७ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने एका गृहस्थाची वाखाणणी केली आहे. हा गृहस्थ होरेस या लॅटिन कवीची स्वस्त प्रत विकत घेई, दोन-दोन पाने फाडून शौचकूपात नेई, आधी ती वाचून काढी आणि मग कामी लावी. वेळेचा अपव्यय नाही, पैशाचा नाही! माझ्या एका कादंबरीची पाने मला भेळेच्या पुड्याभोवती भेटली आहेत, तेव्हा होरेसपेक्षा माझे नशीब बरे म्हणायचे.

खास या कामासाठी कागद करून तो विकण्याचे धाडस अमेरिकेत १८५७ साली न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयेटीने केले. कोरफडीचा अंश घातलेला हा ‘औषधी’ कागद, ५०० पानांना अर्धा डॉलर. त्या काळी साध्या मजुराला दिवसभर राबून एक डॉलरच्या आसपास मिळे. अर्ध्या दिवसाची मजुरी पुसून फेकायची? गेयेटीचा धंदा काही फोफावला नाही. त्याने जाहिरातीत छापील शाईच्या विषाची भीती घातली, मूळव्याध बरी होईल म्हणून सांगितले, आणि प्रत्येक पानात आपल्या नावाचा जलठसा उमटवला. (त्या जागी आपले नाव असावे असे वाटणारा माणूस मला दुसरा ठाऊक नाही.) पण गिऱ्हाईक ढिम्म. कारण त्याच्याशी स्पर्धा होती ती फुकटाशी. खेड्यातल्या शेतकऱ्याकडे दाणे काढलेली मक्याची कणसे होती, जुने पंचांग होते, पुढे टपालाने येणारी सीअर्स रोबकची जाडजूड मालसूची आली. तिथले एक प्रसिद्ध शेतकरी-पंचांग तर खिळ्याला अडकवता यावे म्हणून कोपऱ्याला भोक पाडूनच छापले जाई.

मग कागद खपला कसा? माझ्या मते तो नळाने खपवला. घरोघर पाण्याच्या झोताचे संडास आले आणि मक्याच्या कणसांनी, वर्तमानपत्रांच्या बोळ्यांनी मोऱ्या तुंबू लागल्या. फुकटची वस्तू एकाएकी महाग झाली, कारण तिच्यामागून नळकाम्याचे बिल येऊ लागले. १८७९ साली फिलाडेल्फियात स्कॉट बंधूंची कंपनी निघाली. १८९१ मध्ये ऑल्बनीच्या सेथ व्हीलरने भोकांच्या रेघांवर फाटणाऱ्या गुंडाळीचे पेटंट घेतले. स्कॉट मंडळी इतकी लाजाळू, की सुरुवातीला आपला माल इतर व्यापाऱ्यांच्या नावांनी विकीत.

रशियात ही वस्तू निघायला १९६९ साल उजाडले. तोवर सरकारी वर्तमानपत्रे होतीच. पुढेही टंचाई अशी, की मिळालेल्या गुंडाळ्या सुतळीत ओवून, गळ्यात माळ घालून लोक घरी जात. याला हसणाऱ्या देशांतच २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या भीतीने दुकानांच्या फळ्या ओस पडल्या. परदेशातल्या मराठी घरांत न्हाणीघरात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या मगाला त्या महिन्यात मोठी प्रतिष्ठा आली म्हणतात.

आपण मात्र छाती फुगवण्याचे कारण नाही. आपले टमरेल फुकट, पाणी फुकट, असे आपण मानतो. पण माणशी दोन तांबे धरले तरी पाच जणांच्या घराला दहा तांबे, म्हणजे जवळजवळ एक हंडा. तो विहिरीवरून कोणी आणला? आईने, सुनेने, शाळा बुडवून थोरल्या मुलीने. तिची मजुरी खर्चात लिहिण्याची आपल्याकडे चाल नव्हती.

आणि दुसरा रकाना त्याहून काळा आहे. टोपलीच्या संडासात आपण ओतलेले ते पाणी जात होते कुठे? मैला वाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या टोपलीत. टोपली गळे, ती त्याच्या मानेवर, खांद्यावर. आपल्या शुचितेची किंमत पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींनी अशी भरली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे असा हट्ट धरला. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी आपला आहार तोडला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजी उपोषणाला बसले. पुढे अप्पांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. ही प्रथा बंद करणारा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले, आणि तो पुरेसा पडला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

पाण्याचा खरा भाव कळायला मात्र दुष्काळ लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. प्यायला, रांधायला, धुवायला मिळून त्या खेपेचे माणशी तांब्याभराहून थोडे अधिक पाणी झाले.