एनआरएफ-२: पेशीचा पहारेकरी कॅन्सरच्या बाजूने गेला तर?

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थही तयार होतात. तंबाखूमुळे त्यात आणखी भर पडते. हे पदार्थ साचले की पेशीतल्या डीएनएला इजा होते, आणि तिथूनच पुढे कॅन्सर सुरू होऊ शकतो.

यांना निकामी करायला पेशीकडे स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम असतात. त्यातल्या बऱ्याच एन्झाइमची जनुके एनआरएफ-२ नावाचे प्रथिन चालू करते. हे प्रथिन १९९४ मध्ये सापडले. त्याला आवर घालणारे कीप-१ हे प्रथिन १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले.

एरवी कीप-१ हे एनआरएफ-२ ला धरून ठेवते आणि ते लगेच नष्ट होते. घातक पदार्थ वाढले की ते कीप-१ मध्ये रासायनिक बदल घडवतात. हाच रासायनिक इशारा. पकड सुटते, एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रकात जाते आणि एन्झाइमची जनुके कामाला लावते. धोका टळला की सगळे पुन्हा शांत.

सांगलीच्या हळदीतले करक्युमिन, कलौंजीतले थायमोक्विनोन यांनीही हे बटण दाबले जाते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून लोक म्हणतात, "मग कॅप्सूल घेतलेलीच बरी!" पण इथेच जरा थांबायला हवे.

फुफ्फुसाच्या आणि डोके-मानेच्या काही कॅन्सरमध्ये कीप-१ चे किंवा एनआरएफ-२ चे जनुकच बिघडलेले असते. बटण कायम चालू राहते. जी ढाल निरोगी पेशीला वाचवते, तीच मग कॅन्सरच्या पेशीला वाचवते. रेडिएशन आणि केमोथेरपीची काही औषधे असे घातक पदार्थ वाढवूनच कॅन्सरच्या पेशी मारतात. ढाल मजबूत असेल तर उपचाराचा जोर कमी पडतो.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचा निकाल आला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर कमी नव्हे, तर १८ टक्के जास्त आढळला. अँटिऑक्सिडंट म्हणजे फायदाच, असे सरसकट म्हणता येत नाही, ते यामुळेच.

निपाणीचा तंबाखूपट्टा कोल्हापूरला लागूनच आहे. आपल्याकडे तंबाखू, मिश्री घरोघरी पोहोचलेली आहे, आणि उपचारासाठी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत जाणारी कुटुंबेही आपण पाहतो. अशा घरात पेशंटला कोणी ना कोणी "ताकदीची गोळी" आणून देतोच. जेवणातली हळद, भाजी, फळे यांची गोष्ट वेगळी. पण केमो किंवा रेडिएशन सुरू असताना अर्क, कॅप्सूल, जास्त डोसची व्हिटॅमिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. आधीच सुरू असतील तर पुढच्या भेटीत डब्यासकट घेऊन जावे आणि दाखवावे.