चरकांना एडीएचडी माहीत होता का? एका खोडलेल्या वाक्याची गोष्ट



आज माझीच एक चूक सांगते. संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'मुलांच्या एकाग्रतेच्या विकारांवर आयुर्वेदात हजारो वर्षांपासून ब्राह्मी दिली जाते.' गाइड मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि शेजारी एकच शब्द लिहिला, 'कशावरून?' तेव्हा राग आला. हे तर सगळ्यांना माहीत आहे ना! पण उत्तर शोधायला बसले आणि त्या वाक्यातला एकेक शब्द निसटत गेला. तुम्हीही प्रस्ताव लिहीत असाल तर हा प्रवास उपयोगी पडेल.

सुरुवात आजाराच्या नावापासून करू. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने काही मुलांबद्दल व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण वागण्यावर ताबा नाही, अशी ही मुलं. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना दिसलं की बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर काही मुलं शाळेत शांतपणे अभ्यास करू लागतात. 'लक्ष' हा शब्द अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आजाराच्या नावात आला तो १९८० मध्ये, आणि 'एडीएचडी' हे नाव १९८७ मध्ये. म्हणजे ज्या आजाराचं औषध मी संहितांमध्ये शोधत होते, तो या नावाने माझ्या आईच्या लहानपणीही नव्हता. चंचल मुलं तेव्हा नव्हती असं नाही. पण 'चंचल मूल' आणि 'रुग्ण' यांत फरक आहे. मूल रुग्ण ठरतं ते बऱ्याचदा वर्गात चाळीस जणांबरोबर एका जागी बसायची वेळ आल्यावर.

मग चरकसंहितेत काय आहे? चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात चार 'मेध्य रसायनं' येतात: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. मेधा म्हणजे समजण्याची आणि धारण करण्याची शक्ती. पण हा अध्याय रसायनांचा आहे, म्हणजे निरोगी माणसाचं बळ आणि आयुष्य वाढवण्याचा. इथे मुलांचा विकार हा विषयच नाही.

काही जण दुसरा संदर्भ देतात. सूत्रस्थानात वाताच्या ८० विकारांची यादी आहे आणि तिच्यात 'अनवस्थितचित्तत्व', म्हणजे चित्त ठिकाणावर नसणं, हे आहे. वाचताना वाटतं, सापडलं! पण ती यादी कुठल्याही वयाच्या माणसाची आहे. यादीतला एक शब्द उचलून त्यावर आजचं लेबल चिकटवणं म्हणजे पुरावा नव्हे.

मुलांचा खास ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिच्या लेहाध्यायात बाळाला मध-तुपाबरोबर सोनं उगाळून चाटवायला सांगितलं आहे, आणि सहा महिन्यांत मूल ऐकलेलं लक्षात ठेवणारं होईल असं आश्वासन आहे. कोणत्या मुलांना चाटण देऊ नये, हेही तिथेच आहे, पण जाहिरातीत तेवढं येत नाही. आता गंमत बघा. या ग्रंथाची खंडित पोथी नेपाळमध्ये मिळाली आणि तो छापून आला १९३८ मध्ये, मुंबईत. तुमच्या पणजीने सहाणेवर सोनं उगाळलं असेल, तर ते काही हा ग्रंथ वाचून नव्हे. तिच्याकडे ते जातकर्मासारख्या संस्कारातून आणि घरातल्या बायकांकडून आलं. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांचे दोन-दोन वेढे देऊन केलेली बाळगुटीही तशीच. तिचा हेतू पोट साफ राहावं, बाळाने बाळसं धरावं हा होता. वाचा सुटावी म्हणून वेखंड, एवढाच काय तो बुद्धीशी संबंध.

आता वनस्पती. चरकांच्या त्या चार रसायनांत 'ब्राह्मी' हे नाव नाहीच. ते दुसरीकडे, अपस्मारावरच्या तुपात येतं. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून कुंडीत लावतात ती गोल पानांची वेल बहुतेक वेळा मंडूकपर्णी असते. तिला करिवणा असंही म्हणतात. सरकारी आयुर्वेदिक फार्माकोपियात मात्र ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागी वाढणारी, छोट्या जाडसर पानांची बाकोपा. शंखपुष्पीचंही तेच: कुठे एक वनस्पती, कुठे विष्णुक्रांता, तर केरळात गोकर्ण. मग 'परंपरेत ब्राह्मी देत' या वाक्यातली ब्राह्मी नेमकी कोणती?

याचा अर्थ हे सगळं थोतांड आहे, असा मुळीच नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने बाकोपावर अनेक वर्षं काम केलं आहे. तिथल्याच अर्काची ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वयाच्या ११२ मुलग्यांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. पालकांनी नोंदवलेल्या चंचलपणात आणि दुर्लक्षात प्लासिबोपेक्षा ठळक फरक दिसला नाही, काही बौद्धिक चाचण्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली. हा आजच्या चाचणीतून आलेला आजचा पुरावा आहे. त्याचं वजन चरकांच्या नावाने वाढत नाही आणि कमीही होत नाही.

हे फक्त प्रबंधापुरतं आहे का? आमच्या शेजारच्या काकूंच्या नातवाला डॉक्टरांनी एडीएचडी सांगितला. काकूंनी मला विचारलं, "तू यातच पीएचडी करतेस ना गं? ब्राह्मी तर आपली जुनी. मग त्या गोळ्या बंद करू का?" माझं खोडलेलं वाक्य तसंच छापलं असतं, तर काकूंना तेच उत्तर वाटलं असतं. मी त्यांना म्हटलं, "काकू, जुनं आहे हे खरं, पण ते या आजारासाठी नव्हतं. गोळ्या मनाने बंद करू नका, आणि ब्राह्मी द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा." वेखंडही जुनंच आहे, पण त्यातल्या बीटा-अ‍ॅसरोनमुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला.

तर, तुमच्या प्रस्तावात 'प्राचीन काळापासून' असं वाक्य असेल तर त्याला तीन प्रश्न विचारा. आजार तोच आहे का? औषध तेच आहे का? आणि ते ज्याला दिलं जात होतं तो माणूस तोच आहे का, म्हणजे मूल की मोठा, आजारी की धडधाकट? माझं वाक्य तिन्ही प्रश्नांत नापास झालं. त्या जागी आता प्रस्तावात एक प्रश्न आहे: मेधा वाढवणारं रसायन विसाव्या शतकात एकाग्रतेचं औषध कसं झालं? मॅडमनी या वेळी काहीच खोडलं नाही. फक्त म्हणाल्या, "आता जुन्या जाहिराती गोळा करायला लाग."